पेन्सिलीच्या रेघेपलीकडचं वाचन

प्रिय धाकट्या,

तुझी चिठ्ठी चर्चच्या शिपायाने आणून दिली. ‘येत्या रविवारपासून शास्त्रवाचनाची जबाबदारी आपल्याकडे राहणार नाही. कळावे.’ आपल्याकडे! जिने तुझं नाक पुसलं त्या बहिणीला तू ‘आपण’ म्हणतोस, म्हणजे तुझ्यातले पाळकसाहेब खरोखरच रागावलेले दिसतात. शिपाई बिचारा दारातच म्हणाला, “ताई, आत काय लिहिलंय मला ठाऊक नाही हं.” म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या रविवारी तू मला वाचायला दिलेला भाग त्या संदेष्ट्याचा होता, ज्याची बायको त्याला सोडून दुसऱ्याकडे गेली. देवाने त्याला सांगितलं, मुलीचं नाव ‘दया न मिळालेली’ असं ठेव, आणि मुलाचं ‘माझे लोक नव्हेत’. बिघडलेल्या प्रजेला ती शिक्षा. त्या शेवटच्या नावापाशी तू पेन्सिलीने आडवी रेघ मारून ठेवलीस, ‘इथे थांबावे.’ उपदेश कुणावर होणार हे शेवटच्या बाकालाही कळलं. तुझी मुलगी गेल्या वर्षी लग्न न करता एका माणसाबरोबर राहायला गेली आणि चार महिन्यांपूर्वी एकटी परत आली. तू बंद दाराआडूनच बोललास. चर्चच्या पंचांनी तिला पत्र धाडलं, मंडळीसमोर उभं राहून माफी माग. तिने उलट कळवलं, देवाजवळ मागितली आहे, पंचांजवळ मागणार नाही. तू मंडळीच्या सभासदांच्या यादीतून तिचं नाव काढलंस. ती माझ्याकडे आहे हे तुला माहीत आहे. म्हणून तर माझ्या गल्लीतून जाताना तू मान वर करत नाहीस.

तर मी रेघेवर थांबले नाही. पुढच्याच ओळीत देव शब्द फिरवतो. ज्यांना परकं म्हटलं त्यांना लेकरं म्हणतो, आणि त्या मुलीचं नावही फिरवायला लावतो. मध्ये श्वाससुद्धा घेत नाही रे! तेवढं वाचलं, पुस्तक मिटलं आणि जागेवर येऊन बसले.

ही सवय मला शाळेने लावली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शास्त्र शिकवणाऱ्या सिस्टरांचा नियम होता. जिने शिक्षेच्या ओळी वाचल्या, तिनेच दयेच्या ओळींपर्यंत वाचायचं, तोवर खाली बसायचं नाही. एकदा माझ्या वाट्याला अख्ख्या नगराचा नाश आला. पानंच्या पानं! जेवणाची घंटा झाली, मुली पळाल्या, मी उभीच. सिस्टर समोर संत्रं सोलत बसलेल्या. “वाच, वाच. अजून त्याचा राग गेलेला नाही.” शेवटी एकदाचा गेला, तेव्हा त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. मी भुकेने रडत होते. त्यांना वाटलं, देवाच्या दयेने.

मला न्याय कळत नाही, असं तू पंचांना म्हणालास म्हणे. कळतो. तो माणूस विवाहित आहे हे माहीत असून ती गेली. चुकलं तिचं. हे मी तिला तोंडावर सांगितलं, आणि तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. संदेष्टाही आपल्या रागातला एक शब्द मागे घेत नाही. पण त्याच्याच लिखाणात पुढे देवाला आठवतं, या पोराला चालायला मीच शिकवलं होतं, खाली वाकून मीच भरवलं होतं. मग त्याचं काळीज उलटतं. तो म्हणतो, मी माणूस नाही, म्हणून नाश करणार नाही. आणि तू माणूस असून देवापेक्षा कडक? तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. वेणी घालायला तू माझ्या केसांवर शिकलास, माझे निम्मे केस तेव्हाच गेले. भांग वाकडा पडायचा, आणि पोर आरशात बघून म्हणायची, “बाबांनी घातलीय, कुणी हात लावू नका.” तुला हे आठवत नसेल तर उपदेश करू नकोस. आठवत असेल तर दार उघड.

वाचन परत मिळावं म्हणून हे लिहीत नाही. ते द्या कुणालाही. लिहितेय ते एवढ्यासाठी, की मंगळवारी सकाळी तिला मुलगी झाली. तू आजोबा झालास. दार उघडून एकदा तिच्याकडे पाहिलं असतंस, तर तुला तेव्हाच कळलं असतं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही तिघी पहिल्या बाकावर बसणार आहोत. यादीत नाव असो वा नसो. पंचांना उठवायचं असेल तर चौघं तरी पाठव, माझं वजन तुला ठाऊक आहे. बाळाचे कान थेट तुझ्यासारखे आहेत, त्यामुळे ही कुणाची, असं कुणाला विचारावं लागणार नाही. त्या दिवशी उपदेशात काय सांगायचं ते तू ठरव, आम्ही ऐकू. आधी कळवलं ते तुझ्या रक्तदाबामुळे. व्यासपीठावरून अचानक नात पाहून तू कोसळावास आणि मी जिंकावं, असलं जिंकणं मला नको. सकाळची गोळी घेऊन ये.

तुझीच, आणि त्या दोघींचीही,
ताई