टाकीपाशी थांब

प्रिय बारके,

पाकीट पाहून तुला धडकी भरेल, म्हणून सुरुवातीलाच सांगतो : मी बरा आहे. दाढ दुखायची थांबली, चष्म्याचा नंबर तोच आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू हल्ली 'हो', 'बरं' आणि 'ठेवू का?' एवढंच बोलतेस, आणि मला मधेच तोडलं की माझा मुद्दा हरवतो. पत्र मधे तोडता येत नाही. फार तर फाडता येतं.

कामाचं आधी. संस्थेने नव्या स्वयंपाकघरासाठी एक छोटी फिल्म करायची ठरवलं आहे. हे स्वयंपाकघर झालं, तर माझ्या विभागातल्या आणखी बावीस शाळांतल्या मुलांना दुपारी गरम जेवण मिळेल. आज त्या शाळांत मधली सुट्टी होते तेव्हा काही मुलं नुसतीच मैदानात पळत सुटतात. पळणारं मूल जेवलंय की नाही, हे लांबून कळत नाही. फिल्ममध्ये तीच गोष्ट आहे, आपल्या डब्याची. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला शूटिंग, आणि त्यांना शाळेच्या पायरीवर माझ्याशेजारी तू हवी आहेस. तुझा नंबर मागत होते. मी म्हणालो, राहू द्या, मीच विचारतो.

माझं काम नेमकं काय, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. दहावीनंतर माझं शिक्षण थांबलं ते थांबलंच. बाकी सगळं पुस्तकं आणून, चुकत-माकत, आपलं आपण शिकलो. आज हाताखाली चार पदवीधर आहेत आणि त्यांची पत्रं मी तपासतो. देणग्या मागणं म्हणजे हात पसरणं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. साठ पाहुणे येणार असतील तर खुर्च्या पंचेचाळीसच मांडायच्या. मागून आणाव्या लागल्या की बसलेल्यांना वाटतं, आपण योग्य ठिकाणी आलो. भाषण नेहमी जेवणाआधी. भरल्या पोटी माणूस टाळ्या छान वाजवतो, पण हात खिशाकडे नेत नाही. पाहुण्यांना शाळेत नेलं की त्यांच्या हाती वाढायचा डाव द्यायचा, मात्र मुलांना 'पोट भरलं का रे?' असं विचारू द्यायचं नाही, आणि तोंडात घास असताना कुणाचाही फोटो काढायचा नाही. हे दोन्ही नियम माझे. ऑफिसातली पोरं मला माघारी 'फूटपट्टी' म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही. परवा जेवणाच्या वेळी मी डबा घेऊन त्यांच्या खोलीकडे गेलो, तर आतून एकजण म्हणाला, 'फूटपट्टी येतेय, डबे एका रेषेत लावा रे.' सगळे हसले. मी दाराआड जरा थांबलो आणि डबा घेऊन माझ्या टेबलाशी परत आलो.

घरचं म्हणशील तर, तुझी वहिनी गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच जेवतो. टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर इस्त्रीचे कपडे ठेवतो, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. मुलाला सोबत असली की चार घास जास्त जातात, असं आमच्या माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर छापलंय. वाक्य माझंच आहे.

आता वार्षिक सभेचं. अकरा महिने झाले, पण आपण त्यावर बोललो नाही. आपल्या डब्याची ती गोष्ट मी नऊ वर्षं सांगतोय. दोन मिनिटं चाळीस सेकंद लागतात. घरात डबा एकच, ॲल्युमिनियमचा, झाकणाला उजव्या कोपऱ्यात पोचा. मी चौथीत, तू पहिलीत. मधल्या सुट्टीत तू माझ्या वर्गाच्या पायरीवर येऊन बसायचीस, मी डब्यात बोटाने मधोमध रेघ ओढायचो आणि मोठा भाग तुझ्याकडे सरकवायचो. इथे मी चार सेकंद थांबतो. तेवढ्यात रुमाल निघतात.

त्या दिवशी मी तुला पहिल्या रांगेत बसवलं आणि आधी न विचारता स्टेजवरून म्हणालो, ती बहीण आज इथेच बसली आहे. तू उठलीस, हात जोडलेस, हसलीस. नंतर त्या मोत्यांची माळ घातलेल्या बाईंनी तुझा हात धरला. 'नशीबवान हो तुम्ही, असा भाऊ मिळाला.' तू म्हणालीस, 'हो ना. भाऊ असावा तर असा.' मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. जेवण मांडलेलं होतं, पण तू ताटसुद्धा उचललं नाहीस. 'दादा, गाडी चुकेल,' म्हणालीस. तेव्हा दीड वाजला होता आणि तुझी गाडी सव्वापाचची होती. वेळापत्रक मीच तुला लिहून दिलं होतं. ते वाक्य टोमणा होता, की चार लोकांत तू मला सांभाळून घेतलंस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी फिल्म करणारी मुलगी जागा बघायला आली. तुझ्या धाकटीच्या वयाची, पण कामाला चोख. मला आवडली. खडू घेऊन पायरीशी वाकली आणि म्हणाली, 'काका, तुमची बहीण कुठल्या बाजूला बसायची? डावीकडे की उजवीकडे?' मी म्हणालो, डावीकडे. लगेच म्हणालो. तिने डावीकडे एक छोटा चौकोन काढला आणि ती चहा प्यायला गेली. मी त्या चौकोनाकडे बघत बसलो. आपल्या शाळेच्या पायऱ्या सात होत्या, हे मला आठवतं. घंटा वाजवणारा शिपाई डाव्या पायाने लंगडायचा, तेही आठवतं. तू कुठल्या बाजूला बसायचीस, हे काही केल्या आठवेना. आठवणार कसं? तू कधी बसलीच नाहीस.

पहिल्या दिवशी तू आलीस तेव्हा वर्गातली पोरं म्हणाली, 'आली बघा याची शेपटी.' मी तुला जिन्याच्या कोपऱ्यात नेलं आणि म्हणालो, 'इथे यायचं नाही. टाकीपाशी थांब, मी आणून देतो.' तू थांबलीस. दोन-तीन दिवस मी आणून दिलंही. मग पोरांबरोबर खाता खाता डबा संपायला लागला, आणि मी तो संपू द्यायला लागलो. शाळा सुटली की रिकामा डबा तुझ्या दप्तरात टाकायचो. 'दोघं पोटभर जेवलात ना?' आई विचारायची, आणि तू माझ्याकडे न बघता 'हो' म्हणायचीस. सहा वर्षांची होतीस. पुढच्या वर्षी आईने दुसरा डबा आणला, तोवर हे असंच चाललं. अंगाने भरत नाहीस म्हणून तुला बारकी हे नाव पाडलं, तेही मीच. डब्यातली ती रेघ मी कधीच ओढली नाही. ती नऊ वर्षांपूर्वी एका भाषणात सुचली, आणि इतकी छान सुचली की पुढे पुढे मलाच आठवायला लागली.

तुला गुरुवारी बोलवायला म्हणून रविवारी हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता बोलावत नाही. तुझा नंबरही देणार नाही. पायरीवर मी एकटा बसेन आणि झालं तसं सांगेन. मुख्य कार्यालयातल्या बाईंना काल फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अहो, असं ऐकून देणार कोण?' बावीस शाळांचा प्रश्न आहे, झोप लागत नाही. पण त्या शाळांत आजही कुणी टाकीपाशी उभं असेल, आणि नऊ वर्षांत त्याच्याबद्दल मी एक शब्द बोललेलो नाही. हे सगळं पहिल्यांदा सांगतोय, तेही ज्या एकाच माणसाला आधीपासून माहीत आहे त्याला. माफीच्या पत्राचा मायना कसा असतो, ते मी कधी शिकलो नाही. खडूचा चौकोन मी ओल्या फडक्याने पुसला. त्या मुलीने विचारलं, 'मग त्या कुठे असायच्या?' टाकीपाशी, म्हणालो. पण मधली सुट्टी अर्ध्या तासाची होती, बारके, आणि पाणी पिऊन व्हायला एक मिनिट पुरतं. मग तू कुठे जायचीस? कुणाजवळ बसायचीस? तू सांगशील त्यातलं काही फिल्ममध्ये घालणार नाही. मला एकट्याला लिहून कळव. मी तेव्हा मान वळवून बघितलं नाही.

तुझाच,
दादा