पंकजाच्या पोटातला पडदा

३ जुलै
आज नगरला धाकट्या जावेचं, पंकजाचं, ऑपरेशन झालं. गर्भाशयावरची गाठ काढली. डॉक्टरांनी आत एक पातळ पडदा ठेवलाय म्हणे — जखम भरताना आतडी चिकटू नयेत म्हणून. नंतर आपोआप विरघळतो! तिचा नवरा, कल्याणभाऊजी, गावभर फोन करून सांगतायत.

माझ्या सिझरला कुणी ठेवला होता पडदा? राजनंदिनी झाली, टाके भरले, आणि पोटात पीळ पडायला लागला तो लागलाच. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, आत चिकटलं असणार. परत दिवसही गेले नाहीत. सासूबाईंचं एकच — "नाटकं हायेत."

४ जुलै
डबा घेऊन गेले. पंकजाला आजच उठवून चालवतायत. चाललं की आतडी हलती राहतात म्हणे. सासूबाई तिच्या कमरेला हात घालून — "हळू गं माझी बाय." मला काय म्हणाल्या होत्या? "सव्वा म्हैना हातरूण सोडू नको." तीच बाई!

५ जुलै
जळते मी तिच्यावर. लिहिलं एकदाचं.

८ जुलै
पंकजा घरी आली. तिला चालवायचं काम माझ्याकडे. "ताई, दुखतंय. आज नको ना." जोर करायला हवा होता. मी म्हटलं, "नको तर नको," आणि भाकरी थापायला गेले. मनात आलं — चिकटू दे तिचंही. शी!

१२ जुलै
टाके दाखवायला तिच्यासोबत गेले. आत जाताच ही म्हणते, "डॉक्टर, ह्याच माझ्या जाऊबाई. ह्यांचं बघूनच मी तुमाला इचारलं हुतं, चिकटू नये म्हणून काय करता येईल."

मग माझ्याकडे वळली.

"ताई, तुमी पोट धरून ओट्याला टेकता. मला दिसत न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी मलाच तपासलं. म्हणाले, "दुर्बीण घालून बघू. चिकटलं असेल तर सोडवू, पडदाही ठेवू. पुन्हा चिकटणारच नाही अशी खात्री मात्र देत नाही."

आनंद व्हायला हवा होता. राग आला. हेसुद्धा तिनंच द्यावं मला!

२० जुलै
माझ्या ऑपरेशनची तारीख मिळाली, नेमकी नागपंचमीच्या तोंडावर. दुपारी पंकजा माहेरी फोनवर बोलत होती. "आई, पंचमीला माझी वाट बघू नको. ताईंपाशी थांबायचंय. — न्हाई गं, कुनी थांबवलं न्हाई. मलाच थांबायचंय."