एक्केचाळीस दाणे

आप्पा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चिडायलाही समोर कोणी उरलेलं नाही, पण म्हणून राग काही कमी होत नाही. आत्ताच ग्रामसभेतून घरी आले. आपल्या तलावाचं सुशोभीकरण करायचं चाललंय. सगळ्या काठाला दगडी पिचिंग, वर फिरायला फरशीचा रस्ता, पाण्यात पायडलच्या दोन होड्या आणि फाटकाशी सिमेंटचा बगळा. खरे बगळे शेजारी उभे असताना सिमेंटचा कशाला, हे विचारायचीही सोय नाही. मी तुमची पक्षी मोजल्याची वही घेऊन गेले होते. काठाचा चिखल गेला की बदकं उतरतील कुठे, चिखलातले किडे टिपणारे तुतवार खातील काय, सगळं नीट मांडलं. सरपंचांनी वही मागून घेतली, पहिलं पान पाहिलं, पुढची चाळली आणि अगदी गोडीत म्हणाले, "ताई, तुमना आप्पासनीच वही सांगी ऱ्हायनी ना. पहिला साल एक्केचाळीस दाना, आनि मंग कधी चोवीस, कधी तेवीस. पक्षी त आधीच कमी व्हई ग्यात. आते कोनासाठे चिखल राखाना?" लोक हसले. मी वही परत घेतली आणि खाली बसले. पुढच्या सोमवारी ठराव मांडणार आहेत.

तुमचा राग येतो तो त्या दाण्यांमुळेच. दहा बदकं मोजून झाली की तुरीचा एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचा, ही तुमची पद्धत. तूर कच्चीच हवी, कारण कच्ची कोणी खात नाही. दिवसही ठरलेला, भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार. वहीतली मोजणी सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं तुम्ही मला नुसतं बघायला न्यायचात. तोरणमाळच्या बाजूने बदकांच्या रांगा उतरताना दिसल्या की तुम्ही बोलायचं थांबायचात, मीही थांबायचे. एकदा घरी पाहुणे असताना त्यांनी विचारलं, किती पक्षी होते? मी म्हटलं, साधारण दोनशे. तुम्ही सगळ्यांसमोर ताट बाजूला सारलंत. "साधारण म्हंजे काय? जितला दिखनात तितलाच सांगानं. नही मोजात त नही मोजात म्हन, त्यामा लाज नही." शाळेत मुलांना शिकवताना हजारदा तेच सांगत असाल, पण मला ते जेवणाच्या पंगतीत लागलं. आता मी नवापूरला विज्ञान शिकवते आणि मुलांनी प्रयोगवहीत आकडे जुळवून लिहिले की माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघतं. तेव्हा माझी मलाच चीड येते.

कारण मी अकरा वर्षांची असताना तुम्ही खास वही शिवून घेतलीत, समासाच्या लाल रेघा मारल्यात, आणि नेमका त्याच रविवारी तुम्हाला ताप भरला. स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला खाट टाकलेली. तुम्ही गोधडीतून हात बाहेर काढून दुर्बीण माझ्या गळ्यात घालता आणि म्हणता, जा माय, तू मोजी ये. तुरीच्या पिशवीत भुंगे झालेले. आई फडताळातला डबा काढते, माझ्या फ्रॉकच्या खिशात मूठमूठ फुटाणे भरते आणि म्हणते, "दाना त दानाच ना." त्या क्षणी तुम्ही डोळे मिटून पडला होतात, नाहीतर नक्की अडवलं असतंत.

काठावर मी खरंच मोजायला लागले, आप्पा. थापट्या, तलवार बदकं, चक्रवाकाच्या जोड्या, दहा झाले की एक फुटाणा डावीकडे. पण निघताना चहासुद्धा झाला नव्हता, आणि दुर्बीण डोळ्याला लावलेली असताना डावा हात मोकळाच असतो. मोजलेल्या खिशातून मी कधी खायला लागले ते मला कळलंही नाही. बदकांच्या मोठ्या थव्यापर्यंत पोचले तेव्हा खिशात हात घातला तर सालपटं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते तोवर म्हशी पाण्यात उतरल्या आणि सगळा तलाव एकदम उडाला. घरी येताना वाटभर आकडा शोधत होते. चाळीस म्हटलं तर अंदाज वाटेल, म्हणून एक्केचाळीस. तुम्ही उठून बसलात. "एक्केचाळीस! बराबर मोजात ना?" मी हो म्हटलं. आई मागून म्हणाली, "अवं, मंग फुटाना कोठे गयात?" वाटेत सांडले, असंही सांगून टाकलं. तुम्ही पहिल्या पानावर पहिली नोंद केलीत. मी परत करायला काढलेली दुर्बीण घेतली नाहीत. "ठेव, आते तुन्हीच शे," म्हणालात. धुळ्याहून आणलेली ती दुर्बीण तुम्ही कोणाला हात लावू देत नसायचात.

पुढच्या वर्षी तुम्ही स्वतः मोजलंत आणि चोवीस दाणे भरले. तुम्ही दुपारपर्यंत थांबलात. अजून एखादा थवा येईल म्हणून मान वर करून उभे. त्यानंतरच्या वर्षी तेवीस. मग तुम्ही कारण शोधायला लागलात. आधी कपाशीवरची फवारणी, मग ट्रॅक्टर धुणारे, आणि शेवटी तलावातून पाणी उपसणारी काकांची मोटर. सख्ख्या भावाला बांधावर उभं करून म्हणालात, तुन्ही मोटरनी मन्हा पक्षी हाकली दिधात. काका म्हणाले, पोरीची मोज चुकली असेल. तुम्ही गरजलात, "मन्ही पोरनी मोजेल शेतस, चूक व्हवाव नही!" मी तिथेच कापूस वेचत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही आणि काका त्यानंतर एका पंगतीला बसला नाहीत. तुमच्या तिरडीला खांदा द्यायला मात्र काका सगळ्यांच्या आधी आले. तेव्हाही मी गप्पच. आणि तुम्ही तरी इतका विश्वास का ठेवलात? सगळ्या जगाचे आकडे तपासायचात, माझा एकदा तपासला असतात तर तुमचं काय गेलं असतं?

भाऊबीजेला आले की रविवारपर्यंत मी अजून थांबते. परवाही मोजलं. शहाद्याहून कॅमेरेवाली मंडळी आली होती, पंधरा मिनिटांत मोबाइलवर काहीतरी भरून चहाला निघूनही गेली. मी तुरीचे दाणे घेऊन उन्हं वर येईपर्यंत बसले. आज सभेतून आल्यावर ती पहिली ओळ खोडली. खाली लिहिलं, मोजले नाहीत. मग राहिलेली पानं पहिल्यांदाच सलग वाचली. तेवीस, चोवीस, पंचवीस, पुन्हा चोवीस. बदकं कमी झालीच नव्हती, आप्पा. जेवढी यायची तेवढीच येत होती. सोमवारी हे उभं राहून सांगितलं तर सरपंचांचं म्हणणं तिथेच संपेल, पण त्यासाठी फुटाण्यांपासून सगळं सांगावं लागेल, आणि काका पुढच्याच बाकावर बसतात. सांगायचं ठरवलंय. तुमच्यासमोरही दर भाऊबीजेला ठरवूनच यायचे.

हे पत्र वहीत घडी करून ठेवतेय, दुसरीकडे कुठे धाडणार? परवाच्या रविवारी चोवीस दाणे भरले. मला आनंद झाला, आणि लगेच आठवलं, तुमच्या शेवटच्या वर्षीही चोवीसच होते. तुम्ही आकडा लिहिलात, वही मिटलीत आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसलेत. मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी माझ्या खिशात कच्ची तूर होती, तोंडात काही नव्हतं, तरी बोलले नाही.