घासून टाकलेलं नाव

पुरसवाक्कम, मद्रास
गुरुवार, ८ सप्टेंबर १९६६

प्रिय वेणी,

तुला भरभरून आशीर्वाद. घरातल्या बाकीच्यांनाही, पण ते त्यांना वाचून दाखवू नकोस. पत्र मुद्दाम नागरीत लिहितोय. तुमच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. मी तिशीनंतर जुन्या पंचांगांवरून हे अक्षर एकट्यानं शिकलो आणि तुला ओसरीवर बसवून गिरवायला लावलं, तेव्हा तुझी आई म्हणायची, "मद्रासेत हे वाचणार कोण? कावळे?" आता उपयोग कळतोय. तरीही लखोटा चिकटवल्यावर सांध्यावरून मी डिंकाचं दुसरं बोट फिरवणार आहे. तुझ्या हातात येताना सांधा उचकटलेला दिसला तर मला कळव.

तुझ्या आईचा गुडघा तसाच आहे. दुकानात एव्हरसिल्वरचा, म्हणजे त्या स्टेनलेस स्टीलचा, पूर आलाय. बायका आजीच्या वेळचं पितळ आणून तराजूत टाकतात आणि हलके चकचकीत डबे घेऊन हसत घरी जातात. मी त्या डब्यांवर छिन्नीनं नाव घालायला बसतो. तो पत्र्यासारखा धातू, त्यावर छिन्नी घसरते, अक्षर उमटतं पण रुतत नाही. नाव घालताना माणूस कळतो, वेणी. श्रीमंत म्हणतो, मोठं घाला. गरीब म्हणतो, खोल घाला. एवढ्या वर्षांत याला अपवाद पाहिला नाही.

तुझ्या लग्नाच्या भांड्यांवर मी खोल घातलं होतं, आणि नागरीत. आमचे मालक नारायणस्वामी हसले होते, "संताजी, हे वाचणार कोण?" मी म्हटलं, ज्याचं आहे ते वाचेल. माझी समजूत साधी होती. मुलीच्या घरात जड पितळ असावं, त्यावर तिचं नाव असावं, म्हणजे कसलीही वेळ आली तरी तिच्या पायाखाली जमीन राहते. दागिना सासू मागून घेते, पैसा नवरा मागून घेतो. पाणी तापवायचा तवला कोण मागणार?

मागच्या आठवड्यात मोडीत निघालेल्या भांड्यांच्या ढिगात एक तवला आला. दोन गल्ल्या पलीकडच्या मोडवाल्याकडून आमच्याकडे माल येतो, त्यात होता. मानेखाली कानस मारून नाव काढलेलं. मी असलं भांडं तसंच पुढे सोडत नाही हे तुला ठाऊक आहे. उजेडात तिरपं धरलं, चुना चोळला, बोटानं पुसला. चुना फक्त खाचेत राहतो. डाव्या हातानं छिन्नी धरणारा या बाजारात मी एकटा, त्यामुळे माझ्या रेघा उलट्या बाजूला कलतात. ‘कृष्णवेणी’तला णी पुरता दिसला, बाकीचं मला वाचायची गरज नव्हती.

घरी येऊन मी आईला सांगितलं नाही. पहिला संशय राजगोपालवर गेला, लपवत नाही. जावई आहे, कष्टाळू आहे, अंबत्तूरच्या वसाहतीत दुसऱ्याच्या शेडमध्ये लेथ चालवतो, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या खिशाकडे बघतो. म्हणून रविवारी मी सेंट्रलहून गाडी धरली आणि न कळवता तुमच्याकडे आलो. निघताना आई म्हणाली, "जावयाकडे जाताय की धाड घालायला? निदान हातात केळी तरी घ्या." केळी घेतली.

आता मी काय पाहिलं ते सांगतो, तू नाही म्हणू नकोस. कॉफी नव्या एव्हरसिल्वरच्या टंबलरमधून आली आणि त्या टंबलरवर नाव नव्हतं. कुणाचंच नाही. राजगोपालच्या मनगटावर घड्याळ नवं होतं. "शेडमधल्या दोस्तानं स्वस्तात दिलं, मामा," असं मी न विचारता त्यानं सांगितलं. मी विचारलं, "विहीणबाई, आंघोळीचं पाणी अजून तवल्यातच तापवता ना?" तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "अय्यो, तो माळ्यावर आहे हो, जड पडतो." तू तेव्हा ताटं मांडत होतीस. तुझा हात थांबला. एवढंच. पण ज्यानं तुला पहिलं अक्षर हात धरून गिरवायला लावलं, त्याला तुझा हात थांबलेला कळतो.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात राजगोपालला इतक्या शिव्या दिल्या की शेजारचा माणूस सरकून बसला.

सोमवारी मी मोडवाल्याच्या सुब्बाला गाठलं. तो दुकानात तराजू धरतो, भोळा आहे, सुपारी दिली की बोलतो. म्हटलं, तो तवला कुणी आणला? सायकलवाला, उंच, घड्याळ घातलेला? सुब्बा म्हणाला, "घड्याळवाला होता ना, रस्त्यापलीकडे सायकल धरून उभा होता. पण विकला एका बाईनं. फार हुशार बाई, सार! काटा आधी रिकामा करून दाखवायला लावला." मग हसून म्हणाला, "नाव डोळ्यांदेखत घासायला लावलं. म्हणाली, माझे अप्पा याच बाजारात असतात."

वेणी, रिकामा काटा बघायला मीच तुला शिकवलं. वजन खरं हवं तर याच गल्लीत यावं, हेही मीच सांगितलं होतं. तू तवला शहाण्यासारखा विकलास. मला अभिमान वाटला. विकलास याचं मला काही नाही. तुझा होता, तू विकलास. पण रस्त्यापलीकडे जो उभा होता, तो तुझं ओझं वाहायला आला होता की तुझ्यावर लक्ष ठेवायला? त्या दिवसापासून मी हा एकच प्रश्न उलटापालटा करतोय. सायकलीवर तवला बांधून एवढ्या लांब आणणारा नवरा चांगलाही असू शकतो. आत न येता बाहेर थांबणारा नवरा बायकोचा मान राखणाराही असू शकतो. हे मी स्वतःला सांगून पाहतो. मग वाटतं, पैसे कुणाच्या खिशात गेले? आणि ते घड्याळ त्याआधीच कशातून आलं?

एक जुनी गोष्ट सांगतो, तू तेव्हा लहान होतीस. नारायणस्वामींनी एकदा एका समईवरचं नाव घासून दुसरं घालायला सांगितलं. समई चोरीची वाटत होती. मी नाही म्हटलं. "मग उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. मी घरी आलो. हे दोन खोल्यांचं घर नुकतंच आपलं झालं होतं, भाडं मागायला कुणी येणार नव्हतं, डब्यात तांदूळ होते. मी जेवलो आणि भर दुपारी झोपलो. आई घाबरून दोनदा हलवून गेली, माणूस जिवंत आहे ना म्हणून. त्या दुपारी मी जेवढा श्रीमंत होतो तेवढा पुन्हा कधी झालो नाही. नारायणस्वामींनी पुढे स्वतःच बोलावणं धाडलं, ते सोड. झोप लागली ती पैसा होता म्हणून नव्हे. मालकाच्या तोंडावर नाही म्हणून आलो होतो आणि तरी डोक्यावर छप्पर होतं, म्हणून. तुझ्या लग्नात मी पितळ दिलं. नाही म्हणायची ती ऐपत द्यायची राहिली का, हे आता मला कळत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा मंगळवारी राजगोपाल संध्याकाळी एकटाच आला. आईनं केलेलं पिठलं आवडीनं खाल्लं. मग म्हणाला, स्वतःची शेड घेतोय, जुना लेथ मिळतोय, कर्ज मंजूर होईल पण जामीन हवा. या घराचे कागद गहाण ठेवून मी सही करावी. "वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न आहे, मामा. घरची भांडी मोडून काही पैसे उभे केले, पण तेवढ्यानं भागत नाही." म्हणजे तवला त्यानं आपण होऊन कबूल केला. मी थोडा निवळलो. तेवढ्यात चपला घालता घालता तो वळला, "वेणीला यातलं बोलू नका हं, उगाच काळजी करत बसेल." काळजी म्हणून म्हणाला की लपवायचं म्हणून, हे त्याच्या तोंडावरून मला वाचता आलं नाही. पुढच्या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या, म्हणजे अठरा तारखेला तो उत्तर न्यायला येणार आहे.

मी त्याला विचारणार नाही. तुला विचारतोय. तू राजीखुशीनं त्याच्याबरोबर उभी असशील तर ‘सही करा’ एवढं लिही. मी करीन, आणि घर गेलंच तर म्हातारपणी भाडं भरायलाही शिकीन. ‘नको’ वाटत असेल तर तसं लिही. कारण लिहू नकोस, मी कधी विचारणारही नाही. त्याला मी सांगेन की कागदांत खोट दिसली, लेथ जुना आहे, शेडचा मालक मला पटला नाही. वाटेल ते काढीन. तो चिडेल, तुझ्या सासूबाई चार घरी सांगत सुटतील की संताजीसारखा संशयी, हलक्या मनाचा माणूस साऱ्या मद्रासेत नाही. सांगू देत. तू पण त्यांच्यात बसून मान हलव, म्हण की अप्पा पहिल्यापासून असेच. तुझ्यावर कुणाचं बोट येता कामा नये.

तुझाच,
अप्पा