ऊलोंगचे कान

अहो,

तुमची डुलकी मोडली नाही. देवळापाशी माशाची पेज आणायला जातेय. रांग मोठी असेल. नसली तर मी हळू चालेन.

मिरवणुकीचे फटाके वाजू लागले की ऊलोंग शेपूट घालून थरथरेल. त्याला मांडीवर घ्या. एका अंगठ्याने भुवयांच्या मधोमध हलकेच दाबा, दुसऱ्या हाताने कान मुळापासून टोकापर्यंत चोळत राहा. हळूहळू त्याचे डोळे जड होतात आणि ढोलसुद्धा पाण्याखाली वाजल्यासारखे वाटतात. गेल्या वर्षी त्याच्याआधी तुम्हीच घोरत होता.

तेवढ्यात पो-हान येईल. मीच बोलावलंय. तुमचं दुकान नको म्हणून तैपेईला गेला, त्यानंतर पहिल्यांदाच येतोय. फोनवर विचारत होता, "बाबा ओरडतील का गं?" म्हटलं, "त्यांचे दोन्ही हात कुत्र्यात अडकलेले असतील, बोट कशाने दाखवतील?"

दार उघडंच आहे, उठू नका. आवाज चढला तर कुत्रा पलंगाखाली जाईल आणि पोरगा परत स्टेशनवर. कुत्र्याला मी बाहेर काढेन, पोराला परत आणणं मला नाही जमायचं. तेव्हा फक्त "जेवलास का?" एवढंच विचारा. उत्तर देताना अडखळला, तर ऊलोंगचा एक कान त्याच्या हातात द्या. तुमचे दोन्ही कान पोराकडे असू द्या.

मेइ-श्यू