सत्तरच्या वर

३ जानेवारी २०१६, रविवार
रहीमचा जुना रिपोर्ट पुन्हा वाचला. बुद्ध्यंक ६४. चाचणी जुनी, भाषा पुस्तकी. मी हिंजवडीत नोकरभरतीच्या चाचण्या बनवते. वाईट चाचणी मला कळते. त्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत मार्चमध्ये संपते, तेव्हा फेरचाचणी. माझा भाऊ चोवीस वर्षांचा आहे आणि मतिमंद नाही. हे मोजून सिद्ध करीन.

१० जानेवारी
चाचणीत चित्र बघून रंगीत ठोकळे जुळवायचे असतात, तसे सुताराकडून करून आणले. चाचणीतले नमुने बाहेर दाखवायचे नसतात, म्हणून लालऐवजी हिरवे करून घेतले. ही शिकवणी नाही, सराव आहे. रोज चाळीस मिनिटं.

२ फेब्रुवारी
अम्मी म्हणाली, मतिमंदांच्या कार्यशाळेतून दमून येतो, सोड त्याला. मी म्हटलं, पाकिटं चिकटवणं हे काय काम आहे? रहीम म्हणाला, आज एकशेवीस केली, शेजारी बसणाऱ्या संपतपेक्षा जास्त.

२१ फेब्रुवारी
नववा नमुना ४८ सेकंदांत. आता चित्राकडे बघतही नाही, हात आपोआप चालतात. आकलन वाढलंय.

१७ मार्च
सरकारी दवाखान्यात फेरचाचणी. चाचणी घेणाऱ्या उल्का मॅडमनी विचारलं, याला हे कुणी शिकवलंय का? मी म्हटलं, नाही. बुद्ध्यंक ७३. येताना मिठाई घेतली. रहीमने विचारलं, ईद आहे का?

२८ मार्च
कार्यशाळेच्या सरोजिनीबाईंनी नवं प्रमाणपत्र मागितलं. सत्तरच्या वर ते मिळत नाही, आणि त्याशिवाय तिथे जागा नाही. म्हणाल्या, अहो, तुम्ही त्याला हुशार केलंत ना, मग आता हुशारांत ठेवा. टोमणा. दुर्लक्ष केलं. त्याला आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत कामाला लावते.

११ एप्रिल
पॅन्ट्रीत सहा चहा सांगितले. तीन दिल्यावर रहीम जिन्यात जाऊन बसला, कानांवर हात ठेवून. ऑफिसचे श्रीधर सर म्हणाले, आपण यांना घरी न्या. पहिलाच दिवस होता. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये.

२५ एप्रिल, सोमवार
रहीम रोज नऊला डबा घेऊन दारात उभा राहतो. पुन्हा चाचणी घ्या म्हणून दवाखान्यात फोन केला. पुढची चाचणी वर्षभराने, तोवर सराव पुसला जातो म्हणून. हे मीच ऑफिसात नव्या मुलांना शिकवते.
त्याला समजावलं, तू पास झालास, आता तिथे जायची गरज नाही. त्याने ठोकळे आणून माझ्यासमोर मांडले. सगळे चुकीचे. मग विचारलं, आता जाऊ?
अम्मी म्हणाली, याला तरी अक्कल आहे.
मी मांडणी दोनदा तपासली. मुद्दाम चुकवली की विसरला, मला सांगता आलं नाही.