डाव्या काठावरचे अकरा ठिपके

३ जानेवारी
चि. बारकूस, अनेक आशीर्वाद.
संग्रहालयातली लोकांची चित्रं पुसतोस, तर एक घरचंही पूस. बाबांचा नदीकाठ पार्सलने पाठवते आहे. धुराने पाणी चहासारखं झालंय. आठवतं ना, भिंतीशी उभं राहून ते रंगाचा एकेक ठिपका द्यायचे आणि समोरच्या खुर्चीत तुला बसवायचे. पाणी दिसलं, असं तू म्हटल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नसे. साहेबी तेव्हापासूनची तुझी.
चार वर्षांत आला नाहीस, त्याबद्दल बोलत नाही. भिंत मोकळी झाली आहे, तेवढी लवकर भर. घरात मी एकटी, पण लोभ दोघांपुरता आहे. तुझा वाटा घेत जा.
तुझी ताई

१९ फेब्रुवारी
ती. ताईस, सा. न. वि. वि.
चित्र आज निघालं. महिनाभर भिंगाला डोळा लावून, काडीवरच्या ओल्या कापसाने इंच इंच पुसलं. पाणी चक्क निळं निघालं. डाव्या काठावर माश्यांनी घाण केली होती. अकरा डाग, वार्निशच्या वर बसलेले. खालच्या रंगाला धक्का न लावता एकूण एक काढले. साहेबसुद्धा खूश झाले.
सुट्टीचं यंदाही जमत नाही गं. रागाव, पण लोभ आटवू नकोस.
तुझा बारकू

४ मार्च
चि. बारकूस, आशीर्वाद.
चित्र पोचलं. पाणी इतकं निळं होतं हे मी विसरूनच गेले होते.
सांगणार नव्हते, पण राहवत नाही. ते डाग माश्यांचे नव्हते. बाबा गेल्यावर त्यांच्याच कुंचल्याने मी दिले होते. खुर्चीतून पाहिलं की काठावर बाबा बसलेले दिसायचे, पाठमोरे, जरा वाकून. शाळेतून शिकवून आले की मी दिवसभराचं सगळं त्यांना सांगायचे. जवळून माश्यांचेच वाटणार, माझा हात तो कसला. तुझी चूक नाही.
परवा सवयीने बोलायला बसले, तर काठ रिकामा. फार एकटं वाटलं. पुन्हा द्यायला घेतले, पण ठिपका द्यायचा, खुर्चीत येऊन बघायचं, परत उठायचं, हे आता गुडघ्यांना झेपत नाही.
तब्येतीला जप. लोभाचं काय, तो आहेच.
तुझी ताई

१० मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.
महिनाभर त्या चित्राला नाक लावून बसलो आणि एकदाही मागे सरून पाहिलं नाही. मला, खुर्चीतल्या माणसाला, हे सुचू नये याची लाज वाटते.
ठिपके तुझे आहेत, ते मी देणार नाही. शनिवारी पोचतो. पंधरा दिवसांची रजा घेतली. साहेबांना विचारलं नाही, सांगितलं. बाकी लोभ समोरासमोर. तू स्टूल घेऊन भिंतीशी बस. खुर्चीत मी बसतो, आणि बाबा दिसले की सांगतो.
तुझा बारकू